पावसाळ्यात गायगर काउंटर ‘येडा’ होतो तेव्हा: वाढलेलं बॅकग्राउंड, उड्या मारणारे काउंट आणि हरवलेला प्लॅटो

मृग लागून पंधरा दिवस झाले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या डिग्री कॉलेजांच्या फिजिक्स लॅबमधून फोन सुरू होतात. “सर, जीएम काउंटर येडं झालंय.” जीएम म्हणजे गायगर-म्युलर, किरणोत्सार मोजायचं यंत्र; त्याच्या नळीनं (ट्यूबनं) टिपलेला प्रत्येक किरण म्हणजे एक काउंट. मार्चमध्ये मिनिटाला तीसेक काउंट देणारी नळी जुलैत ऐंशी देते, मधेच दीडशेवर जाते, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा चाळीसवर येते. मग विभागप्रमुख नव्या जीएम ट्यूबची मागणी लिहितात, कोटेशन मागवतात, दोन महिन्यांनी ट्यूब येते, आणि तीही तेच करते.

या भागातल्या कॉलेजांची लॅबमधली उपकरणं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. ट्यूब विकून मला चार पैसे सुटतात, तरीही सांगतो: पावसाळ्यातल्या दहापैकी आठ तक्रारींत ट्यूब चांगली असते. बिघाड टेबलावर असतो, केबलमध्ये असतो, नाहीतर बिघाड नसतोच, फक्त मोजणी अपुरी असते. म्हणून खालच्या क्रमानंच जा. आधी फुकटातल्या तपासण्या, मग थोडक्या पैशांच्या, ट्यूब बदलणं अगदी शेवटी.

लक्षणं

- बॅकग्राउंड (किरणोत्सारी चकती, म्हणजे सोर्स, जवळ नसतानाचे काउंट) नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट, आणि दिवसभरात वरखाली.
- काउंट झुंडीनं येतात: पाच सेकंदांत वीस टिकटिक, मग बराच वेळ शांत.
- आकडा संशय यावा इतका स्थिर. दर मिनिटाला ३०००, किंवा ६०००, फरक नाहीच.
- गेल्या वर्षी ज्या व्होल्टेजला प्लॅटो (व्होल्टेज वाढवूनही काउंट फारसे न वाढणारा आलेखाचा सपाट भाग) मिळाला, तिथं आता आलेख सरळ वर चढतो.
- सोर्स ठेवूनही जुन्या जर्नलमधल्यापेक्षा फार कमी काउंट.
- सोर्स जवळ आणला की काउंट वाढायच्या ऐवजी अडकतात.
- काउंट शून्य.

यातलं नेमकं कुठलं लक्षण आहे ते आधी कागदावर लिहा. “बरोबर चालत नाही” एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.

पहिली तपासणी: बिघाड आहे तरी का?

किरणोत्सार यादृच्छिक असतो. सरासरी तीस काउंट असतील तर त्याचं वर्गमूळ साडेपाच. म्हणजे एका मिनिटाच्या वाचनात २५ ते ३५ हे रोजचं, १९ किंवा ४१ हेही अधूनमधून येणारच. एका मिनिटाला २२ आणि पुढच्या मिनिटाला ३८ आले म्हणून “काउंट उड्या मारतात” अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेली मंडळी कमी नाहीत. ते काउंटर अगदी शहाण्यासारखं वागत होतं.

करायचं ते असं. सोर्स खोलीच्या बाहेर. एक-एक मिनिटाची दहा वाचनं घ्या आणि सरासरी काढा. साधारण सात वाचनं सरासरीच्या वर्गमुळाइतक्या फरकात बसायला हवीत. बसली तर चढउतार निसर्गाचा आहे. एखाद-दुसरंच वाचन शंभरावर गेलं आणि बाकीची तीसच्या आसपास राहिली, तर मात्र तो किरणोत्सार नव्हे, विजेचा खोडसाळपणा आहे. काउंट झुंडीनं येत असतील तेव्हा बहुतेक असंच चित्र दिसतं.

उलटही लक्षात ठेवा. चढउतार नसणं हा नक्की बिघाड. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची आहे, सेकंदाला पन्नास म्हणजे मिनिटाला ३०००. पॉवर सप्लायच्या रिपलमधून आलं तर दुप्पट, ६०००. खऱ्या ३००० काउंटमध्ये मिनिटागणिक पन्नास-पंचावन्नचा फरक पडायलाच हवा. ३०००, ३०००, ३००१ असं दिसलं तर ट्यूब काढून ठेवली तरी आकडा तोच राहील, करून बघा. अशा वेळी आधी अर्थिंग बघायचं. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची पीन कित्येकदा कशालाच जोडलेली नसते. दुसरा संशयित म्हणजे करंट गेल्यावर चालू होणारा स्वस्तातला इन्व्हर्टर. त्याची लहर साइन नसते, चौकोनी असते, आणि जीएम काउंटरला ती मानवत नाही. इन्व्हर्टरवर घेतलेली वाचनं जर्नलमध्ये चढवूच नका.

कमी काउंटच्या नमुन्यांत तर वेळ हाच सगळा खेळ आहे. नमुन्याचे मिनिटाला ३६, बॅकग्राउंड ३०. फरक सहा. दोन्ही एकेक मिनिट मोजले तर त्या सहाच्या डोक्यावर आठची अनिश्चितता बसते, म्हणजे हाती काहीच नाही. तेच दोन्ही एकेक तास मोजा, अनिश्चितता एकवर येते आणि तोच सहाचा फरक खरा ठरतो. तास घालवायचा नसेल तर असे नमुने मोजायला घेऊ नयेत. क्रोमोसोमवर काम करणाऱ्या किरणजीवशास्त्राच्या लॅबही याच नियमाखाली येतात. माणसाला किरणांचा किती डोस बसला ते शोधायला रक्तातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) वाढवून त्यातले डायसेंट्रिक, म्हणजे तुटून चुकीचे जुळलेले, दोन सेंट्रोमिअरचे क्रोमोसोम मोजतात, तेव्हा साधारण हजार निरोगी पेशींत एखादाच सापडतो. म्हणून लहान डोस ओळखायला पाचशे-हजार पेशी मायक्रोस्कोपखाली मोजाव्या लागतात. तिथं पन्नास पेशींवर निष्कर्ष काढणारा आणि इथं एका मिनिटावर ट्यूब बदलणारा, दोघं एकाच माळेचे मणी.

दुसरी तपासणी: टेबल, ड्रॉवर आणि भिंतीपलीकडचं कपाट

हिला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. नियमानं बहुतेकजण हीच टाळतात.

सोर्सची पेटी त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे का? असेल तर ती कुलूप लावून दुसऱ्या खोलीत न्या. सीझियम-१३७ च्या ६६२ केईव्हीच्या गॅमाला टेबलाची फळी म्हणजे काहीच नाही. मग नमुन्याचा ट्रे काढा आणि ट्रेशिवाय मोजा. आपल्याकडे पोटॅशियम क्लोराइडचा प्रयोग करतात, पूड सांडते, ट्रेच्या खाचेत बसते, आणि पुढचं अख्खं सत्र ती बॅकग्राउंड वाढवत राहते. पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक ग्रॅम पोटॅशियम म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ विघटनं. उसाच्या शेतकऱ्यांची मुलं आहात, तेव्हा म्युरेट ऑफ पोटॅशचं लाल पोतं कुणाकुणाच्या घरात आहे ते मी सांगायला नको. त्यातलं शंभर ग्रॅम म्हणजे दीड हजार बेकरेलच्या (सेकंदाला तितक्या विघटनांच्या) घरात.

आणि हेच लाल पोटॅश तपासणीसाठीही उत्तम. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पसरून ट्यूबच्या खिडकीखाली ठेवा. बॅकग्राउंडच्या वर ठळक वाढ दिसली तर ट्यूब जिवंत आहे. त्यातल्या पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सव्वाशे कोटी वर्षं, त्यामुळे पुढच्या वर्षीही हाच आकडा यायला हवा. एकच पिशवी सील करून, वजन लिहून, कायम ठेवा. वार्षिक तपासणीला यासारखं स्वस्त साधन नाही.

भिंतीपलीकडे केमिस्ट्रीचं स्टोअर असेल तर तिथल्या जुन्या बाटल्यांची लेबलं वाचा. युरेनिल अॅसिटेट, युरेनिल नायट्रेट, थोरियम नायट्रेट. पन्नास वर्षांपूर्वीच्या कॉलेजांत यातलं एखादं तरी मागच्या फळीवर सापडतंच. गॅसबत्तीच्या जुन्या मँटलमध्येही थोरियम असायचं. बाटली सापडली तर उघडू नका, झटकू नका. कुठं आहे ते नोंदवा आणि विभागप्रमुखांना सांगा.

टेबलाचा दगडही मधे येतो. बेळगाव शहर आणि त्याच्या वरचा बराच भाग दख्खनच्या काळ्या दगडावर आहे, आणि बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम कमी. नवीन लॅब करताना मात्र हौसेनं इलकलच्या तांबड्या ग्रॅनाइटचे ओटे बसवतात, आणि ग्रॅनाइटमध्ये ही तिन्ही जास्त. लाकडी टेबलावरून काउंटर ओट्यावर हलवलं आणि बॅकग्राउंड थोडं वाढलं, तर ते खरं वाढलेलं असतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, फक्त जुनी वाचनं नव्या जागेला लावू नका.

रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा, प्रश्न नेहमी येतो. जोराच्या पावसात हवेतली रेडॉनची पिल्लं, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, जमिनीवर उतरतात आणि बाहेरचा गॅमा थोडा वेळ वाढतो. दोघांचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत ते निवळतं. दोन दिवस बंद असलेल्या खोलीतही रेडॉन साठतो. पण एवढ्यानं खोलीच्या आतल्या साध्या जीएम नळीत तीसचे साठ होत नाहीत. खिडक्या तासभर उघड्या ठेवा, पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर पुढं चला.

जाता जाता एक: ट्यूबवर ऊन पडतंय का बघा. अभ्रकाच्या खिडकीच्या काही नळ्या उजेडाला प्रतिसाद देतात. काळा कागद वर धरला आणि काउंट उतरले तर प्रश्न मिटला.

तिसरी तपासणी: सोर्सचं वय

“सोर्स ठेवला तरी काउंट नाहीत” या तक्रारीवर मी सगळ्यात आधी सोर्सवरची तारीख विचारतो. थॅलियम-२०४ चं अर्धायुष्य ३.७८ वर्षं. चौदा वर्षांपूर्वी घेतलेला थॅलियम आज मूळच्या आठ टक्क्यांवर आलेला असतो. कोबाल्ट-६०, ५.२७ वर्षं, तो सोळा टक्क्यांवर. सीझियम-१३७ तीस वर्षांचा, त्याचे अजून बहात्तर टक्के शिल्लक. पोलोनियम-२१० तर १३८ दिवसांचा, त्याच्याबद्दल बोलायलाच नको. जर्नलमध्ये वर्षानुवर्षं पुढच्या बॅचनं मागच्या बॅचचे आकडे उतरवलेले असतात, म्हणून ही घट कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोष ट्यूबच्या माथी बसतो.

सीझियमचे काउंट हिशेबाप्रमाणे येतात आणि थॅलियमचेच पडलेत, तर काउंटर निर्दोष. दोन्हीचे सारख्याच प्रमाणात पडले असतील तरच पुढची तपासणी.

चौथी तपासणी: केबल आणि कनेक्टर

पावसाळ्यातला खरा चोर इथं सापडतो. जीएम ट्यूबला पाचशे-सहाशे व्होल्ट किंवा जास्त द्यावे लागतात, आणि ते ज्या केबलवरून जातात तिच्यावरूनच सिग्नलही परत येतो. कनेक्टरच्या पांढऱ्या इन्सुलेशनवर धूळ बसलेली असते. खानापूर, जांबोटीकडचा आषाढ-श्रावण म्हणजे भिंतींना घाम फुटायचे दिवस. ओली धूळ वीज झिरपू देते, झिरपणारा करंट मधेच तुटतो-जुळतो, आणि प्रत्येक झटका काउंटरला पल्स वाटतो. काउंट झुंडीनं येण्याचं नेहमीचं कारण हेच. सकाळी जास्त आणि यंत्र दोन तास तापल्यावर कमी, असं दिसलं तर जवळजवळ खात्री समजा.

तपासणी अशी. एचटी (ट्यूबला दिलेलं जास्त व्होल्टेज) शून्यावर आणा, यंत्र बंद करा, पाच मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि त्याचा झटका विसरण्यासारखा नसतो. मग ट्यूबच्या बाजूनं केबल सोडवा. सुटं टोक कोरड्या प्लॅस्टिकच्या बरणीत असं ठेवा की ते कशाला टेकणार नाही आणि कुणाचा हात लागणार नाही. विद्यार्थ्यांना लांब उभं करा. आता एचटी नेहमीच्या व्होल्टेजवर नेऊन दहा मिनिटं मोजा. ट्यूबच नाही, म्हणजे काउंट शून्य यायला हवेत, फार तर एखाद-दुसरा.

शंभर आले? मग ट्यूबचा काही संबंध नाही. पुन्हा एचटी शून्य, बंद, पाच मिनिटं, आणि आता यंत्राच्या बाजूनंही केबल काढून मोजा. काउंट थांबले तर केबल दोषी. चालूच राहिले तर सॉकेट किंवा आतला बोर्ड. या एका चाचणीनं जितक्या ट्यूबांचा खर्च वाचलाय तितका दुसऱ्या कशानं वाचलेला मी पाहिला नाही.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात छोटी बाटली मिळते. सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं, ते मागं राहतं आणि आणखी ओल धरतं. पेट्रोल तर नकोच नको. पुसल्यावर कनेक्टर रात्रभर कोरड्या जागी राहू द्या. कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून फोटो स्टुडिओवाले कपाटात ४० वॅटचा बल्ब लावायचे, तसं एक कपाट लॅबमध्ये असावं. केबल आणि ट्यूब चार महिने तिथं ठेवा, बल्बपासून हातभर लांब. ट्यूब तापवायची नाहीये, फक्त कोरडी ठेवायची आहे. बंद डब्यात सिलिका जेल ठेवलंत तरी चालेल. निळे मणी गुलाबी झाले की लॅबच्या ओव्हनमध्ये वाळवा. घरच्या कढईत नको, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. तो किरणोत्सारी नव्हे, पण पोटात जाण्यासारखाही नव्हे.

ट्यूबची खिडकी मात्र पुसू नका. कापसानं नाही, ब्रशनं नाही, फुंकरही नको. अभ्रकाचा तो पापुद्रा चौरस सेंटिमीटरला दीड-दोन मिलिग्रॅमचा असतो. लॅब अटेंडरनं “धूळ बसली होती, सर” म्हणून बोट फिरवलं की आतला वायू गेला आणि ट्यूबही गेली. काउंट शून्य येण्याची कारणं शोधताना खिडकीकडे आधी तिरक्या उजेडात बघायचं ते यासाठीच.

पाचवी तपासणी: प्लॅटो पुन्हा काढा

केबल स्वच्छ, तरी गडबड. मग सोर्स एका जागी ठेवून कमी व्होल्टेजपासून सुरुवात करा आणि ३० व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जा. काउंट सुरू होतात तो थ्रेशोल्ड. मग भराभर वाढ, मग सपाट भाग, आणि शेवटी पुन्हा चढ. हा शेवटचा चढ दिसायला लागला त्याच क्षणी एचटी खाली आणा. आलेख पूर्ण दिसावा म्हणून पुढं नेत राहिलात तर ट्यूबमध्ये सतत डिस्चार्ज सुरू होतो, आणि दर सत्राला चार बॅचनी असं केलं की चांगली ट्यूब लवकर म्हातारी होते. परीक्षकांना शेवटचा उभा भाग बघायचा असतो हे मला माहीत आहे. दोन बिंदू पुरतात.

सपाट भागाचा उतार मोजा. ४५० व्होल्टला ३०००, ५५० ला ३१८० काउंट, म्हणजे शंभर व्होल्टला सहा टक्के. दहाच्या आत असेल तर शिकवण्याच्या कामाला ट्यूब ठीक. वीसच्या वर गेला, किंवा सपाट भाग पन्नास व्होल्टही उरला नाही, तर ट्यूब थकली. ट्यूबच्या कागदावर हॅलोजन की ऑर्गॅनिक क्वेंचिंग (पल्स थांबवणारा वायू कुठला) ते लिहिलेलं असतं. ऑर्गॅनिकमध्ये प्रत्येक पल्सला थोडा वायू खर्च होतो, त्यामुळे तिचं आयुष्य मोजलेलं. हॅलोजनचे रेणू पुन्हा जुळतात, म्हणून ती जास्त टिकते. कामाचं व्होल्टेज सपाट भागाच्या पहिल्या निम्म्यात ठेवा. गेल्या वर्षीचा आकडा डोळे झाकून लावू नका.

काउंट अडकण्याचं लक्षण असेल तर प्लॅटोकडे न बघता डेड टाइमकडे बघा. एका पल्सनंतर ट्यूब शंभर-दोनशे मायक्रोसेकंद आंधळी असते. २०० धरले तर मिनिटाला ६००० काउंटना दोन टक्के तूट, म्हणजे दुर्लक्ष करा. ६०,००० ना मात्र खरा आकडा ७५,००० असतो. सोर्स दोन इंच मागं घ्या, प्रश्न संपला.

काउंटरला जे दिसतच नाही

इथं जरा थांबतो, कारण प्रोजेक्टच्या दिवसांत येणाऱ्या “बिघाडां”त यंत्राचा दोष नसतोच.

निपाणीकडची मुलं दरवर्षी तंबाखू घेऊन येतात. तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० असतं हे त्यांनी वाचलेलं असतं, आणि ते खरं आहे. पण प्रमाण ग्रॅमला दहा-वीस मिलिबेकरेलच्या घरात, म्हणजे एका ग्रॅममध्ये मिनिटाला जेमतेम एखादं विघटन. तोही अल्फा, जो पानाच्या जाडीतच अडकतो. जीएम नळीखाली तंबाखूची पुडी ठेवून काउंट वाढले तर ते बहुतेक तंबाखूतल्या पोटॅशियमचे. पोलोनियमसाठी पान आम्लात विरघळवून, चांदीच्या चकतीवर पोलोनियम बसवून अल्फा स्पेक्ट्रोमीटरवर मोजावं लागतं. ते आपल्या लॅबचं काम नव्हे.

बॉटनीवाल्यांची तक्रार वेगळी. गॅमा दिलेलं बियाणं मिळतं, ते काउंटरखाली धरतात, आणि काउंट बॅकग्राउंडइतकेच! “काउंटर बंद आहे.” नाही हो, काउंटर बरोबर सांगतंय. कोबाल्ट-६० च्या १.१७ आणि १.३३ एमईव्हीच्या गॅमानं बी किरणोत्सारी होत नाही. आतले डीएनए तुटतात, ऊर्जा तिथंच संपते. परिणाम बघायचा तर उगवण, रोपाची उंची, मुळाच्या टोकातले तुटके क्रोमोसोम बघा.

उलटा प्रकार म्हणजे लॅबमधल्या चकतीजवळ कांदा रात्रभर ठेवून मुळांवर परिणाम शोधणं. हिशेब करा. एक मायक्रोक्युरी सीझियमपासून एका सेंटिमीटरवर गॅमाचा डोस तासाला तीसेक मायक्रोग्रे (ग्रे हे डोसचं माप). कांद्याच्या मुळात ठसठशीत परिणाम दिसायला एक ग्रे धरला तरी जवळजवळ चार वर्षं तो कांदा तिथंच ठेवावा लागेल. बियाण्यांना दोनशे ग्रे लागतात, त्याची वर्षं तुम्हीच काढा. असे डोस गॅमा चेंबरमध्ये देतात, आणि तो डोस जीएम ट्यूबनं मोजत नाहीत. फेरस सल्फेटचं फ्रिके द्रावण ठेवून, त्यात तयार झालेलं फेरिक ३०४ नॅनोमीटरवर मोजतात. काउंट म्हणजे डोस नव्हे. काही काउंटरवर मायक्रोसिव्हर्टचं बटण असतं, पण ते एका ठरावीक सोर्सवर, बहुधा सीझियमवर, कॅलिब्रेट केलेलं असतं. पोटॅशच्या पिशवीवर ते दाबून आलेला आकडा निरर्थक आहे.

आणि कैगाचं अणुवीज केंद्र. त्याची बातमी आली की विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन लोक येतात. २००९ च्या नोव्हेंबरात तिथल्या कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) मिसळल्याचं उघड झालं, ते कामगारांच्या लघवीच्या तपासणीतून. ट्रिटियमचा बीटा जास्तीत जास्त १८.६ केईव्हीचा, तो अभ्रकाच्या खिडकीतून आत शिरतच नाही. त्याला लिक्विड सिंटिलेशन काउंटर लागतो. पाण्याची बाटली जीएमखाली ठेवून “काही नाही” असं कुणालाही सांगू नका.

सहावी तपासणी: ट्यूबची अदलाबदल

इथवर येऊनही प्रश्न सुटला नसेल तर शेजारच्या कॉलेजची चालू ट्यूब एक दिवसासाठी मागून आणा. विकत घेऊ नका. तिचं कामाचं व्होल्टेज आणि कमाल व्होल्टेज आधी विचारा, तुमच्या ट्यूबसारखंच असेल असं धरू नका. त्यांची ट्यूब तुमच्या यंत्रावर नीट चालली आणि तुमची ट्यूब त्यांच्या यंत्रावर बिघडली, दोन्ही झालं, तरच नव्या ट्यूबची मागणी लिहा. एकच बाजू तपासून काढलेली मागणी मी तरी परत पाठवतो.

इथं थांबा

यंत्राचं झाकण उघडू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांना आत बघायचा मोह होतो, पण एचटी बोर्डावर बंद केल्यावरही चार्ज असतो, आणि एखादा रेझिस्टर बदलला की कॅलिब्रेशनही जातं. केबल पूर्ण काढूनही काउंट येत असतील, एचटी चढतच नसेल, जळका वास आला असेल, तर मेकॅनिकच बोलवा.

सोर्सच्या बाबतीत थांबायची रेषा आणखी अलीकडे. चकतीला चीर गेली असेल, लेबल सुटून आतला भाग दिसत असेल, किंवा सोर्स काढून घेतल्यावरही ट्रेवर, टेबलावर जास्त काउंट राहत असतील, तर हात लावणं तिथंच बंद. खोली बंद करा, तिथं कोण कोण होतं ते लिहा, हात साबणानं धुवा, आणि संस्थेचा रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असेल तर त्याला, नसेल तर प्राचार्यांमार्फत पुरवठादाराला आणि एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवा. झाडून काढणं, पुसून काढणं हे आपलं काम नाही. पूड झाडूनं पसरते आणि श्वासात जाते.

सोर्स मोजताना एक कमी भरला तरी तेच. “सापडेल कुठंतरी” म्हणून आठवडाभर थांबायचं नाही.

आणि जुनं काही भंगारात घालायच्या आधी दोनदा बघा. दिल्ली विद्यापीठातलं वापरात नसलेलं गॅमा उपकरण २०१० मध्ये लिलावात गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात उघडलं गेलं. आत कोबाल्ट-६० होता. माणसं भाजली, एकाचा जीव गेला. कॉलेजच्या मायक्रोक्युरीच्या चकत्या त्या मापाच्या नाहीत, लाखो पटींनी लहान आहेत. पण भंगारवाल्याला हा फरक कळत नाही आणि स्टोअरकीपरलाही कळेलच असं नाही. शिशाचा जड डबा दिसला की आत काय आहे ते रजिस्टरमध्ये बघितल्याशिवाय तो दाराबाहेर जाऊ देऊ नका.

मेकॅनिकला फोन करताना हातात एवढं ठेवा: सोर्सशिवाय दहा मिनिटांचे काउंट, ट्यूब काढून दहा मिनिटांचे काउंट, पोटॅशच्या पिशवीचे दहा मिनिटांचे काउंट, लावलेलं व्होल्टेज, ट्यूबचा मॉडेल नंबर, आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन. कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा, पण तारीख घालून लिहा. ही सहा उत्तरं मिळाली तर निम्म्या वेळा गाडी काढावीच लागत नाही, फोनवर काम होतं. न मिळाल्यास मी येऊन पहिला तास हेच मोजणार, आणि त्या तासाचे पैसे लावणार.